श्वासाकडची बाजू

भागोजीकाका आधी मशीनची विचारपूस करायचे, मग माणसाची. कुणी मोबिलेटवर, म्हणजे त्या मोटार बसवलेल्या सायकलीवर बसून आला, की काकांची मान गाडीकडे कलायची. इंजिन बंद होईपर्यंत ते कान देऊन ऐकायचे आणि मगच विचारायचे, "काय, बरं हाय ना?" हे 'बरं' गाडीचं की माणसाचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काही लोकांना याचा राग यायचा. मला यायचं कारण नव्हतं, कारण मी बसने येत असे, आणि बसचं डिझेल इंजिन काकांच्या लेखी इंजिनच नव्हतं. "तो बैल हाय," ते म्हणायचे. "त्याचं काय ऐकायचं?"

आमच्या बेटावर नुव्हेल फ्रांसच्या वरच्या अंगाला लाकूड कापायची एक गिरणी होती. सगळे तिला 'सिरी' म्हणत. पाइनची झाडं डोंगरावर तोडायची, ओंडके खाली आणायचे आणि फळ्या पाडायच्या, असा तिथला धंदा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे स्टोअर क्लार्क म्हणून लागले. उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या मराठी लोकांचे आम्ही वंशज. मी कात्र बोर्न शहरातली, वडील सरकारी नोकरीत, घरात मराठीची पुस्तकं. त्यामुळे आपल्याला फार शुद्ध मराठी येतं अशी माझी समजूत होती. काका ग्रां बुआ या खेड्यातले, सिरीचे हेड मेकॅनिक. माझं मराठी ऐकून ते म्हणाले, "बाय, तू बोलतेस का वाचून दाखवतेस?" त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी क्रिओलमध्येच, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, बोलत होते.

पण ही दुसऱ्या दिवशीची गोष्ट झाली. पहिल्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीत बसले होते. एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस आला, नावगाव काही न विचारता त्याने माझ्या धुतल्या हातात एक काळपट पिस्टन ठेवला आणि विचारलं, "सांग, कशानं मेला?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मी क्लार्क आहे."

"तूच देलविल देणार ना सगळ्यांना?" देलविल म्हणजे तेल. "मंग ते पोटात जाऊन काय करतं ते नको माहीत?"

आणि खिडकीवरच त्यांनी शिकवणी सुरू केली. झाडं तोडायच्या साखळी-करवतीच्या ह्या लहान इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच, काकांच्या भाषेत लेसांसमध्येच, तेल मिसळायचं, पंचवीस वाट्यांना एक वाटा, आणि तेच पोटात जाऊन जळतं आणि जाता जाता पिस्टनला वंगण देतं. "तान्ह्या पोरासारखं हाय," ते म्हणाले. "त्याला जेवण वेगळं आन पाणी वेगळं नाय. जे काय ते दुधातच." मग त्यांनी पिस्टन फिरवला. त्याच्या एका अंगाला उभे चरे पडले होते, मांजराने ओरबाडल्यासारखे. "ही धुराकडची बाजू. जळलेला धूर हिकडनं भायेर जातो. ही पल्याडची श्वासाकडची. हवा, लेसांस, देलविल, सगळं हिकडनं आत येतं. चरे कुठं हायत ते आधी बघायचं. धुराकडं असले तर तेल कमी पडलं, नायतर अंगात ताप भरला. श्वासाकडं असले तर धूळ गेली." माझ्या हातातल्या पिस्टनचे चरे धुराकडच्या बाजूला होते. मी भीत भीत म्हटलं, "तेल कमी पडलं."

"उपास घडला," काकांनी माझं उत्तर दुरुस्त केलं आणि पिस्टन घेऊन गेले. माझ्या हाताला लागलेला काळा डाग संध्याकाळपर्यंत निघाला नाही. मला घरी रडू आलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

त्यांच्या बाकड्याच्या वर एक लांब फळी होती आणि तिच्यावर वर्षानुवर्षांचे मेलेले पिस्टन ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या खाली फळीवर खडूने एकेक शब्द. लहानपणी बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेलं त्यांचं देवनागरी थोडं तिरकं पडायचं. 'उपास' म्हणजे तेलाविना गेलेला. 'ताप' म्हणजे कुठूनतरी हवा शिरली, मिश्रण पातळ झालं, आणि तापून गेलेला. 'काजळी' म्हणजे काळ्या खपलीचा कण अडकून गेलेला. 'धूळ' म्हणजे धूळ. मी एकदा विचारलं की कुणाच्या हातून गेला त्याचं नावही लिहा ना, म्हणजे लोक सांभाळून वागतील. काकांना ते मुळीच आवडलं नाही. "मशीन कशानं मेलं ते लिवायचं. कुणामुळं ते नाय लिवायचं." पण फळीवरच्या कुठल्याही पिस्टनवर बोट ठेवा, तो कुठल्या रानात, कुठल्या झाडावर, पावसात की उन्हात गेला, हे त्यांना तोंडपाठ असे. नाव तेवढं सांगायचे नाहीत.

नवा पिस्टन बसवायचा असला की बघत राहावं. बाकीचे मेकॅनिक ब्रशने तेल लावायचे. काका अंगठ्याने लावत. आधी पिस्टनला, मग सिलिंडरच्या आतून, गोल गोल, सावकाश. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत म्हातारी बाई बाळाला तेल लावते ना, थेट तसं. त्यांच्या उजव्या अंगठ्याची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की कुठे ठसा द्यायची वेळ आली तर नुसता डाग उमटायचा. सिलिंडर कठीण असतो, पिस्टन मऊ, म्हणून मार नेहमी पिस्टन खातो, असं ते सांगायचे. मग करवत सुरू करायचे, आवाज एका सुरात लागला की मान हलवून म्हणायचे, "जेवलाय हो, जेवलाय." हे ऐकल्याशिवाय कुणी करवत उचलून रानात जात नसे.

घरची मंडळी मात्र या कानाला कंटाळलेली होती. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे ग्रां बुआला गेलो होतो. अंगणात बांबूचा मांडव, पलीकडे चहाच्या झाडांच्या रांगा, आणि काका नवं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून व्याह्यांच्या स्वागताला दारात उभे. नवऱ्या मुलाचा सख्खा मामा मोबिलेटवरून आला. मोठा मान्यवर माणूस, कोट घातलेला. काका हात जोडून पुढे झाले आणि जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाले, "मामा, लेसांसमध्ये देलविल घातलंय का?"

मामांचा चेहरा लाल. काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मुलीच्या सासऱ्यांना वाटलं, मामा पिऊन आले असा टोमणा आहे. कसंबसं सगळं निभावलं, अक्षता पडल्या, जेवणं झाली. पण पाहुणे पान खात बसले तेव्हा काका गायब. शोधत शोधत मी गोठ्याकडे गेले तर हे नव्या धोतराचा ओचा कमरेला खोचून मामांच्या मोबिलेटचं इंजिन उघडून बसलेले, आणि शेजारी गोणपाटावर ते कोटातले मामा, उकिडवे. काकांनी त्यांच्या हातात पिस्टन दिला होता. "सांगा, कशानं मरायला लागलाय?" मामा चष्मा वर करून म्हणाले, "हिकडच्या बाजूला चरे हायत." "धुराकडची. उपास." संध्याकाळी मामा त्याच गाडीवरून गेले आणि वळणापर्यंत काका ऐकत उभे होते. पुढे कित्येक वर्षं ते मामा सणावाराला मुलीच्या माहेरी यायचे, आणि आल्या आल्या आधी गाडी काकांपुढे उभी करायचे.

आमचे मॅनेजर मिस्ये आंद्रे. गोरे, उंच, बोलायला तुटक, पण अन्यायी नव्हेत. एका मोठ्या सायक्लोननंतर रस्त्यांवर झाडं आडवी पडली तेव्हा त्यांनी हुकूम काढला की सगळ्या करवती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालल्या पाहिजेत. काका वर्कशॉपच्या दारात आडवे उभे राहिले. दर टाकीनंतर मशीनने दम खायचा, फिल्टर साफ व्हायचा, मगच पुढची टाकी. मिस्ये आंद्रे ओरडले, काका उभेच. पाच दिवसांनी रस्ते मोकळे झाले, आमचा एकही पिस्टन गेला नव्हता. मिस्ये आंद्रे वर्कशॉपमध्ये आले, काकांचा तेलकट हात हातात घेतला आणि हलवला. तेव्हापासून मशीनच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा.

आता दसऱ्याचं सांगते. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

सिरीमध्ये काम करणारे नाना तऱ्हेचे लोक, पण दसऱ्याला वर्कशॉपमध्ये काकांची पूजा व्हायची आणि सगळे यायचे. आदल्या दिवशी सगळी हत्यारं घासून-पुसून लख्ख करायची, करवतींचे हवेचे फिल्टर काढून पेट्रोलमध्ये धुवायचे आणि उन्हात वाळत घालायचे. दसऱ्याला मशीनला हात लावायचा नाही. करवती फळीवर मांडायच्या, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, धूप, आणि शेवटी अंगारा. हा अंगारा काका घरून तंबाखूच्या डबीतून आणायचे. घरच्या देवापुढे उसाच्या वाळल्या पाल्याचा विस्तव करून त्यावर धूप घालायचे, त्याची ती राख. फिल्टर काढलेले असल्यामुळे करवतींची हवा आत घेणारी तोंडं उघडी असत, म्हणून काका प्रत्येकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचे आणि मगच पूजेला बसायचे.

त्या वर्षी करवती पाच होत्या आणि फडकी चार निघाली. काका "नंतर आणतो" म्हणाले, तेवढ्यात मिस्ये आंद्रेच आले, आरती सुरू झाली, आणि ते राहून गेलं. हे मला नंतर कळलं.

पाचवी करवत रोलांची होती. रोलां सूयाकचा, क्रिओल पोरगा, नुकतं लग्न झालेलं, बायकोला सातवा महिना. चर्चला जाणारा, पण काकांच्या पूजेतलं खोबरं आणि गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे, कधी चुकवायचा नाही. काकांनी त्याच्या मशीनला चिमूटभर अंगारा लावला तेव्हा तो हसत म्हणाला, "मेट एन तिगिट प्लिस, टोंटों." आणखी थोडा घाला, काका. "पोरासाठी." काकांना फार आनंद झाला. त्यांनी आणखी एक चिमूट सोडली, आणखी चार अक्षता टाकल्या. मी समोरच उभी होते. आम्ही सगळे हसलो होतो.

चौथ्या दिवशी रानात रोलांच्या करवतीचं इंजिन अडकलं आणि बंद पडलं.

मिस्ये आंद्रेंनी ती आपल्यासमोर उघडायला लावली. पिस्टन चरे पडून गेला होता, कडी तुटली होती. त्यांना एवढंच दिसलं. आणि मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की रोलांचा भाऊ सूयाकला मासेमारी करतो, त्याच्या बोटीला मोटर आहे, आणि त्या मोटरलाही पेट्रोलमध्ये हेच तेल मिसळावं लागतं. झालं. रोलां तेल चोरून भावाला देतो आणि मशीन उपाशी चालवतो, असं सगळीकडे झालं. मिस्ये आंद्रेंनी सांगितलं, सोमवारी सगळ्यांसमोर फैसला. चोरीवर काढलेल्या माणसाला त्या भागातल्या कुठल्याही कारखान्यात कुणी घेणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रोलां माझ्या खिडकीशी आला, टोपी हातात. "मो पा वोलेर, मिस," एवढंच म्हणाला. मी चोर नाही. मी तेल रोज स्वतः मोजून देत होते, पण खिडकीतून बाहेर गेलेल्या तेलाचं पुढे काय झालं याची साक्ष मी कशी देणार?

शनिवारी दुपारी काका खिडकीशी आले. एरवी ते खिडकीच्या चौकटीवर दोन्ही कोपरं टेकून बोलत. त्या दिवशी ते लांब उभे राहिले. मग त्यांनी तंबाखूची डबी उघडून माझ्यासमोर धरली. आत कागदावर तांदळाचा एक दाणा होता. तेलाने काळवंडलेला, पण एका टोकाला अजून लाल.

"कार्ब्युरेटरच्या मागं, रबराच्या नळीत व्हता," ते म्हणाले. "आन सगळीकडं राखेचा चिखल."

मला अर्थ लागायला वेळ लागला. त्यांनीच सांगितलं, "काकू त्या राखेनं डेगची घासते बाय. डेगची चकाकते. मंग पिस्टनचं काय व्हईल?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण डबीचं झाकण काही केल्या बसत नव्हतं.

मी काय म्हटलं ते लिहायची मला लाज वाटते, पण न लिहिता हे व्यक्तिचित्र खोटं होईल. मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हटलं, "काका, हा दाणा फेकून द्या." त्यांना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर सिरी चालली, त्याच्याच हातून मशीन गेलं, तेही पूजेत, हे कळलं तर लोक हसतील. आपली पूजा बंद होईल. मिस्ये आंद्रे आपल्या सगळ्या मराठी लोकांना अडाणी समजतील. मी हे सगळं माझ्या शुद्ध मराठीत सांगितलं. "तुम्ही फक्त एवढंच सांगा की चरे श्वासाकडे आहेत. धूळ गेली. म्हणजे चोरीचा आळ गेला. कुठली धूळ ते कोण विचारतंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "फिल्टर साफ करणं कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

ज्याची करवत, त्याचं. म्हणजे रोलांचंच. चोर म्हणून नाही तर कामचुकार म्हणून त्याला काढलं असतं. काकांनी डबी खिशात ठेवली आणि गेले. रविवारी मी घरी काही नीट जेवले नाही. एकदा वाटे, ते सांगणार. एकदा वाटे, नको, सांगू नयेत. रोलांच्या येणाऱ्या बाळापेक्षा मला आपल्या लोकांच्या हशाची काळजी जास्त होती, हे आज मला स्पष्ट दिसतं.

सोमवारी सगळे वर्कशॉपमध्ये जमले. मिस्ये आंद्रेंनी रोलांला पुढे बोलावलं. तेव्हा काकांनी पिस्टन उचलला आणि मॅनेजरच्या हातात दिला. क्रिओलमध्ये म्हणाले, आधी चरे कुठे आहेत ते बघा. तेल कमी पडलं असतं तर ते धुराकडे असते. धुराकडची बाजू स्वच्छ आहे. हे श्वासाकडे आहेत. ह्याला तेल बरोबर मिळत होतं.

मिस्ये आंद्रेंनी पिस्टन उजेडात धरून फिरवला. त्यांनाही आतापर्यंत काकांकडून एवढं शिकायला मिळालं होतं. "धूळ," ते म्हणाले. मग रोलांकडे वळले. "म्हणजे फिल्टर."

"फिल्टर नाही, मिस्ये," काका म्हणाले. त्यांनी डबी काढली, झाकण उघडलं आणि तो दाणा तळहातावर घेतला. "हा माझ्या घरचा तांदूळ. राखही माझ्या घरची. तोंड उघडं राहिलं ते माझ्या हातून. मो फोट." माझी चूक.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मागे उभा असलेला एक म्हातारा लाकूडतोड्या फक्त "बोंदिए", अरे देवा, असं पुटपुटला. रोलांने तोंड उघडलं, त्याला सांगायचं होतं की अंगारा जास्त घाला असं मीच म्हटलं होतं, पण काकांनी त्याच्याकडे न बघता डावा हात असा आडवा केला आणि तो थांबला. ती एक गोष्ट काकांनी मॅनेजरला कधीच सांगितली नाही. मीही नाही.

मिस्ये आंद्रेंनी पिस्टन खाली ठेवला. रोलांला म्हणाले, कामावर जा. मग काकांना म्हणाले की आजपासून वर्कशॉपमध्ये पूजा नाही, आणि मशीनच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या मेकॅनिककडे जाईल. हे सांगताना त्यांनी काकांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. काकांनी किल्ली दिली. सगळे गेल्यावर तो पिस्टन त्यांनी फळीच्या टोकाला ठेवला, खडू घेतला आणि खाली लिहिलं. मला वाटलं 'धूळ' लिहितील, नाहीतर 'राख'. जवळ जाऊन पाहिलं तर तिरक्या अक्षरांत 'भागोजी' लिहिलेलं होतं. त्या फळीवर आलेलं ते एकच नाव.

उरलेले सहा महिने काका बाहेर पत्र्याच्या आडोशाला बसून कानशीने करवतींच्या साखळ्यांना धार लावत होते. नुव्हेल फ्रांसची ती ओली थंडी, खांद्यावर गोणपाट. पण गंमत अशी की नव्या मेकॅनिकला पिस्टनचं काही कळेना. तो मॅनेजरला दिसणार नाही अशा बेताने पिस्टन डब्यात घालून आडोशाला आणायचा. "टोंटों, नुसतं बघा." काका कानशी खाली ठेवत, पिस्टन फिरवत आणि म्हणत, "ताप. रबराची नळी बघ, चिरली असंल." एकदा खुद्द मिस्ये आंद्रे कोपऱ्यावरून वळले आणि त्यांनी हे पाहिलं. ते क्षणभर थांबले आणि आले तसे परत गेले. निवृत्तीच्या दिवशी मात्र त्यांनी काकांना दोन्ही हातांनी हात दिला.

पुढे माझं लग्न झालं, मी सिरी सोडली, सरकारी नोकरीत लागले. रोलांला मुलगा झाला असं कळलं होतं. ग्रां बुआला जायचं जायचं म्हणत वर्षं गेली. खरं तर मी टाळत होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका दसऱ्याला मात्र उठले आणि बस धरली.

काका अंगणात खाटेवर बसले होते. काकूंनी सांगितलं की मोतीबिंदूने आता समोरचं माणूसही सावलीसारखं दिसतं. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "वाचून दाखवणारी बाय आली." मी हसले.

थोड्या वेळाने फाटकातून रोलां आला. केस थोडे विरळ झालेले, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली करवत, बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. सिरी बंद झाली होती. रोलां आता स्वतःची करवत घेऊन लोकांच्या आवारातली झाडं तोडून द्यायचा. काकू म्हणाल्या, दर दसऱ्याला येतो, सूयाकहून दोन बस बदलून, एक वर्षही चुकला नाही. त्याने करवत पाटावर ठेवली आणि गोणपाट सोडलं. फिल्टर काढलेला होता, आणि उघड्या तोंडावर पांढरं स्वच्छ फडकं दोनदा गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधलेलं होतं.

काका पाटाशी बसले. त्यांचा अंगठा मुठीवरून, झाकणावरून सरकत त्या फडक्यापाशी आला. गाठ सापडली. गाठ पक्की होती, तरी त्यांनी ती जराशी आणखी ओढली. मग हळदकुंकू लावलं, मुठीवर चार अक्षता ठेवल्या आणि डबीतून चिमूटभर अंगारा घेतला. "मेट एन तिगिट प्लिस, टोंटों," रोलां म्हणाला. काकांनी आणखी एक चिमूट लावली. पूजा झाल्यावर रोलांने करवत जपून पुसली, फडकं सोडलं, फिल्टर बसवला. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, म्हणून काकांनी नुसता दोर सावकाश ओढून पाहिला आणि आतला श्वास ऐकला. "जेवलाय," ते म्हणाले.

निघताना मला राहवलं नाही. काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने मी म्हटलं, "काका, तेव्हा मी तुम्हाला तो दाणा फेकून द्या म्हटलं होतं."

"कवा?"

"स्टोअरच्या खिडकीत. शनिवारी."

"नाय बा," काका म्हणाले. "तू तर म्हणालीस, काका, सांगून टाका." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ज्या माणसाला फळीवरचा एकेक पिस्टन तोंडपाठ होता, तो हे मला अगदी खात्रीने सांगत होता.

बस आली. मी खिडकीशी बसले आणि मागे पाहिलं. काका फाटकापर्यंत आले होते. बस चढणीला लागली, इंजिन घरघरायला लागलं, आणि ते मान कलती करून उभे होते. आयुष्यभर बसला बैल म्हणून हिणवलं, पण मला घेऊन जाणारी ती बस वळेपर्यंत त्यांनी ऐकली.